माईचं जोडपान

सत्यशीला पंगतीतून उठली तेव्हा तिच्या ताटात वरण होतं, पालेभाजी होती. दोन भाकरी आणि शेंगदाण्याचा लाडू मात्र नव्हता. तिनं एका हातानं बिरूला कडेवर घेतलं. दुसरा हात पदराखालून बाहेर काढला नाही.

शेडच्या दारात मुकुंदराव देवगावकर उभे होते.

"पदराखाली काय आहे?"

"काय नाय, साहेब."

"भाकरी आहे. लाडू आहे. भिंतीवरची पाटी वाचता येत नाही का?"

पंगतीतल्या चाळीस बायकांच्या माना वळल्या. भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं: जेवण इथेच करावे, अन्न बाहेर नेऊ नये.

"येती की," सत्यशीला म्हणाली. "सातवी पास हाय मी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू मुकुंदरावांना लागलं. एरवी आवाज चढवणारा हा माणूस नव्हे. पण आज त्यांच्या आईची, माईंची चौथी पुण्यतिथी होती, बहीण आली होती, मुलगा-सून आली होती, आणि या सगळ्यांसमोर गेल्या चार महिन्यांतली नववी का दहावी बाई अन्न बांधून नेताना सापडली होती.

"मग उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. "तुझ्या जागेवर खाणारी बाई बसेल."

सत्यशीलेनं पदराची गाठ सोडली. भाकरी ताटात ठेवल्या, त्यांच्यावर लाडू ठेवला, आणि ती निघून गेली. बिरूच्या मुठीत मऊ भाताची स्टीलची वाटी तशीच राहिली. ती कुणाच्या ध्यानात आली नाही, तिच्याही नाही.

दर वर्षी माईंच्या दिवशी जेवणं झाली की बायका ओव्या म्हणत. त्या दिवशी कुणी म्हटल्या नाहीत. ताटं घासून रचली आणि लेकरं काखेला मारून एकेक जण गेली.

*

देवगावकरांची पंगत बायकांच्या मागून, त्याच सतरंजीवर बसायची. हा माईंचाच नेम. पण अजून कुणी पानावर बसलं नव्हतं. समोरच्या कारखान्याचा एकचा भोंगा होऊन गेला होता.

सई वजनाच्या काट्यापाशी वही उघडून बसली होती. मुकुंदरावांची ही सून शहरातल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती. दर शनिवारी इथं शेंद्र्याला येऊन लेकरांची वजनं घ्यायची, दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. पट्टी हिरव्यावर आली की हसायची, पिवळ्यावर आली की गप्प व्हायची. आज बिरूची पट्टी पिवळ्याच्या अगदी काठाला, लालला टेकलेली आली होती. वजन सहा किलो सहाशे. दसऱ्याला ते सहा चारशे होतं. अकरा महिन्यांच्या पोराला चार महिन्यांत दोनशे ग्रॅम.

"भाऊ, पोरीला लई लागलं बघा," केसरबाई तवा उतरवत म्हणाल्या. वीस वर्षं त्या या शेडमध्ये भाकरी थापत होत्या. त्यामुळे मुकुंदरावांना ऐकवायचा हक्क त्यांनी कुणाला विचारून घेतला नव्हता.

"मलाही लागलं, केसरबाई. पोराचं वजन मला दिसत नाही का? त्याच्याचसाठी तर बोललो."

"पर ऱ्हायली ना उपाशी."

"ती रोजच राहते. फक्त आज आपण पाहिलं."

शंतनूनं खुर्ची ओढली. "बाबा, मी गेल्या वर्षीच म्हणालो होतो. ही ताटं, पंगती, तवे बंद करू. आमच्या कंपनीतले लोक पोषणाची पाकिटं द्यायला तयार आहेत. शेंगदाणे, दूध पावडर, सगळं त्यात. घरोघरी द्यायची. शेडचं गोदाम होईल. बाई फाडून खाईल, प्रश्न मिटला."

"पाकीट घरात गेलं की घराचं होतं," सई म्हणाली. "तिच्या तोंडात शेवटचा चमचा जातो. तोही गेला तर."

"भाकरीचं तेच होतंय की!"

"म्हणून तर पाटी लावली."

"आणि पाटीची कल्पना कुणाची होती?"

"माझी," सई म्हणाली. "माझीच होती."

कालिंदीताईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मुकुंदरावांहून त्या दोन वर्षांनी मोठ्या. पुण्यतिथीला नाशिकहून यायच्या, दोन दिवस राहायच्या आणि सहसा कुणाची बाजू घ्यायच्या नाहीत. ती सवय त्यांना सासरनं लावली होती.

"मुकुंदा, जोडपान होतं तेव्हा कुणी पदरात बांधत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तेव्हा निम्मं अन्न गळतीत जात होतं, ताई."

गळती हा त्यांच्या नोकरीतला शब्द. पैठणच्या कालव्यावर त्यांची तीस वर्षं गेली. पाणी कुठं झिरपतं, कुठं कुणी मोटार टाकून उचलतं, शेवटच्या शेतकऱ्याचं पीक का वाळतं, हे त्यांनी हयातभर पाहिलं. टेलला, कालव्याच्या शेवटाला आधी पाणी द्या, तोंडाशी बसलेला हेडवाला आपलं बघून घेईल, असं ते मीटिंगमध्ये टेबलावर बोट आपटून सांगत. निवृत्त झाल्यावर आणि माई गेल्यावर शेडचं काम हाती आलं, तेव्हा त्यांनी तेच डोळे इथंही लावले.

माईंचा नेम असा, की लेकुरवाळीनं एकटीनं यायचं नाही. सोबत घरातली थोरली बाई आणायची. सासू, चुलतसासू, नणंद, कुणी नसेल तर शेजारीण. दोघींची पानं जोडीनं मांडायची आणि आधी थोरलीला वाढायचं. बहात्तरच्या दुष्काळात, देवगाव रंगारीच्या रस्त्याच्या कामावर, कारकुनाची बायको असलेल्या माईंनी ही पंगत सुरू केली. खडी फोडणाऱ्या बायका, झोळीत लेकरं. तेव्हापासून वीस लेकुरवाळ्या आणि वीस थोरल्या, चाळीस पानं. पुढे घर देवगाव सोडून शहरात ज्योतीनगरला आलं, पंगत शेंद्र्याच्या या दोन एकरांत आली. जोडपान तसंच राहिलं.

दसऱ्याला मुकुंदरावांनी ते मोडलं. वीस पानं अंगावर न पाजणाऱ्या, धडधाकट बायकांच्या पोटात जातात, ती वाचवली तर आणखी वीस लेकुरवाळ्या बसतील. साधा हिशेब होता. घरात कुणी नाही म्हटलं नाही.

"मीही हो म्हणाले होते," कालिंदीताई म्हणाल्या. "तुला एकट्याला बोलत नाही मी. मला जोडपानाचा रागच होता. दहा वर्षांची होते, माई माझ्या हातात दोन ताटं द्यायची आणि सांगायची, आधी सासूपुढं ठेव. पुढं माझ्या सासरी मी चारला जेवायचे. बाळाला पाजताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तेव्हा मनात यायचं, माझी आई तिकडे सासवांना आधी वाढत बसलीय, आणि इथं तिच्या लेकीला कुणी विचारत नाही!"

"बरोबरच आहे, आत्या," सई म्हणाली. "त्या मानापानाला आपण आपल्या हातानं कशाला खतपाणी घालायचं?"

"हेच," मुकुंदराव म्हणाले. "अगदी हेच."

सासऱ्यांशी एकमत झालं याचं सईला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वहीतली सहा चारशे आणि सहा सहाशे ही दोन आकड्यांची ओळ तिच्याकडे बघत होती.

"मग ठरलं," मुकुंदराव म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "या महिनाअखेर शेड बंद. शंतनूची पाकिटं येतील तेव्हा येतील. बायकांना खायचंच नसेल तर आपण तवे कुणासाठी तापवायचे?"

"पाकिटं कधी येतील?" सईनं नवऱ्याला विचारलं.

"मंजुरी, मग वाहतूक... दोन महिने धर."

"बिरूकडे दोन महिने नाहीत, शंतनू."

"त्याला दवाखान्यात दाखल करता येईल की."

"येईल. पंधरा दिवसांनी तो घरी येईल. मग?"

 केसरबाईंनी परातीत उरलेल्या पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला.

*

शेडपासून दहा मिनिटांवर, कारखान्याच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या खोल्या होत्या. एकीच्या दारात कस्तुराबाई बोरं निवडत बसली होती. नवरा आणि मुलगा भारत, दोघं मेंढरं घेऊन पैठणच्या खाली गोदाकाठाला गेले होते. ते शिमग्याला परतायचे. घरात सासू, सून आणि बिरू. कस्तुराबाई सकाळी तूर सोंगायला, कापणीला जाई. आज काम नव्हतं, म्हणजे मजुरीही नव्हती.

सून आली. हात मोकळे. बिरूच्या मुठीत वाटी.

"ही कुनाची?"

"शेडातली. ह्यानं सोडलीच नाय."

"अन् भाकर?"

सत्यशीला चुलीकडे तोंड करून बसली. चूल सकाळपासून पेटली नव्हती. "ठिवून आले."

"कामून?"

"येऊ नको म्हनले. समद्यांम्होरं."

कस्तुराबाईनं निवडलेली बोरं सुपात सारली. दसऱ्याआधी ती सुनेबरोबर रोज शेडात जाई. एक दिवस दारात साहेबांनी हात आडवा केला, फकस्त लेकुरवाळी म्हणाले, आणि ती मागं फिरली. त्या दुपारी सून पदरातून दीड भाकर घेऊन आली. कस्तुराबाई तिला बोलली होती, येडी का काय, तिथंच खात जा. दुसऱ्या दिवशी दोन भाकरी आल्या. मग तिनं बोलणं सोडलं. भूक लागलेली असताना माणूस किती वेळ नको म्हणणार?

"वाटीतला भात घाल त्याला," ती म्हणाली. "मंग वाटी घास. दुसऱ्याची वस्तू हाय, पोचती कराया पायजे."

"मी नाय जायची, मामी."

"तू मपल्या मागं चाल. बोलती मी."

वाटी घासून आली तेव्हा कस्तुराबाईनं तिच्यात बोरं भरली. चांगली, पिकली, न किडलेली निवडून. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं.

*

मुकुंदरावांनी त्या दोघींना फाटकातून येताना पाहिलं. त्यांना वाटलं, आता आरडाओरडा. माफी मागावी लागली तर शब्द कुठले वापरायचे, हे ते मनात जुळवू लागले.

कस्तुराबाईनं वाटी त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवली.

"वाटी आली व्हती आमच्यात. रिकामी कशी देऊ, म्हून बोरं घातली."

"बरं," मुकुंदराव म्हणाले. मग काहीतरी आणखी म्हणायला हवं म्हणून, "बसा."

"बसती ना. चार महिन्यांनी बसा म्हनलं तुमी."

"म्हणजे? तुम्ही आधी यायचात?"

"आता गं बाई!" ती केसरबाईंकडे वळली. "साहेबांनी वळखलं नाय मला."

"रोज दुसऱ्या खांबापाशी बसायची, भाऊ," केसरबाई म्हणाल्या. "शेपूची भाजी असली का मागून घ्यायची."

मुकुंदरावांना शेपूची भाजी आठवली, खांब आठवला. दुसऱ्या पानावर बसणारी बाई आठवेना. ती चाळीसांतली वीस पानं त्यांनी मोजली होती. त्यांच्यावर कोण बसतं, ते पाहिलं नव्हतं.

शंतनू मध्ये बोलला, "मावशी, तुमची सून इथं जेवत नाही. बांधून नेते."

"नेती ना. मला नेती."

"म्हणजे तिच्या वाटचं तुम्ही..."

"शंतनू," सई म्हणाली.

"बोलू द्या त्यास्नी, बाई. खरं हाय त्ये." कस्तुराबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "येक भाकर मी खाती, येक तिला घालती. लाडू बिरूला. तिथंच खाऊन ये म्हनून धा येळा सांगितलं. तिच्या घशाखाली उतरत नाय. तुमीच इचारा, कामून."

सगळ्यांनी सत्यशीलेकडे पाहिलं. ती बिरूच्या टोपडीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"घरी चूल थंड," ती म्हणाली. "मामी बसलेली उपाशी. अन् मी हितं गरम भाकर मोडू? लगीन झाल्यापून मामीच्या आधी घास घेतला नाय मी. पयल्या दिशी बसले, तुकडा तोंडात घातला. चावला गेला. गिळला नाय."

सईनं वही मांडीवर घेतली. "पण हीच रीत चुकीची आहे ना, कस्तुराबाई. अंगावर पाजणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. दूध कुठून येणार? ही रीत मोडायलाच हवी."

"मोडा की," कस्तुराबाई म्हणाली. "मी कुठं आडवी आले? मी बी सासूच्या मागूनच जेवले. चार लेकरं झाली मला. भारत तेवढा ऱ्हायला. रीत चांगली हाय म्हनून सांगाया नाय आले मी." तिनं बिरूकडे हात केला. "पर तुमची रीत मोडूस्तोवर ह्यानं काय खायाचं?"

 सईनं वहीचं पान उलटलं, मग आणखी एक. आजवर तिनं एकेका लेकराची ओळ वेगळी पाहिली होती. सातव्या-आठव्या महिन्यात, वरचं खाणं सुरू होताना लेकरं अडतात, हे पुस्तकात होतं, म्हणून तिनं फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता ती जुन्या वीसजणींची पानं लागोपाठ पाहत होती. दसऱ्यापर्यंत चढ. दसऱ्यानंतर सपाटी. बारा लेकरं तरी अशीच.

"बाबा," ती म्हणाली, "हे बघा."

मुकुंदरावांनी वही घेतली. त्यांना आकडे वाचायला वेळ लागत नसे. पण ते बराच वेळ वाचत राहिले.

कालव्यावर त्यांचं एक भांडण कधी मिटलं नव्हतं. कागदावर टेलला आधी पाणी सोडलं, की हेडचे शेतकरी रात्रीतून दारं मोडत आणि टेल कोरडाच राही. मग पाटाचं पाणी सोडणारा एक म्हातारा पाटकरी त्यांना म्हणाला होता, साहेब, हेडचं थोडं भिजू द्या, मंग त्येच राखण करत्यात. मुकुंदरावांनी त्याला लेखी ताकीद दिली होती. इथं तर दारं मोडायलाही कुणी आलं नव्हतं. टेलवाली स्वतःच ओंजळीनं पाणी वर नेत होती.

"वीस पानं वाचवली," ते वही मिटत म्हणाले. "चाळीस वाया घालवली."

"सगळी नाही," सई म्हणाली. "पण बरीच."

"आपण सगळे देवगावकर मूर्ख आहोत, ताई."

"सगळे म्हणू नकोस," कालिंदीताई उठता उठता म्हणाल्या. "माई शहाणी होती. तेवढी एक सोड."

*

गुडघ्यांवर हात देऊन कालिंदीताई मांडणीपाशी गेल्या. घरच्या पंगतीची पाच ताटं तिथं काढून ठेवलेली होती. त्यांनी वरची दोन उचलली. पन्नास वर्षांपूर्वी असंच उन्ह होतं, ताटं पितळी होती, हात लहान होते. आधी सासूपुढं ठेव, माई म्हणाली होती, आणि त्यांनी नाक मुरडलं होतं. हा मान आहे, एवढंच त्यांना तेव्हा कळलं होतं. पुढंही तेवढंच कळलं.

त्यांनी दुसऱ्या खांबापाशी दोन पानं जोडीनं मांडली.

"बसा, कस्तुराबाई."

"आता? तुमच्या घरच्यांचं जेवान व्हायचंय."

"घरच्यांचीच पंगत आहे. बसा."

"मी मानापुरती बसती हां," कस्तुराबाई मांडी घालत म्हणाली. "अर्धी भाकर बास मला. हिचं नीट वाढा."

केसरबाईंनी गोळ्यावरचं फडकं काढलं. थाप, थाप, थाप, परातीत भाकरी फिरू लागली. तो आवाज ऐकता ऐकता कालिंदीताईंच्या ओठांवर माईची जात्यावरची ओवी आली. म्हणायची म्हणून नव्हे, आपोआप.

"पहिला गं माझा घास, घरातल्या थोरलीला..."

पुढची ओळ त्यांना आठवेना. केसरबाईंनी मान न वळवता ती तव्याजवळूनच पुरी केली,

"मग येईल गं फूल, पान्ह्याच्या वेलीला."

"तुम्हाला कशी येते ही?"

"माईच म्हनायच्या की रोज. मला वाटायचं, उगं गानं हाय."

"मलाही," कालिंदीताई म्हणाल्या.

भाकरी वाढायला मुकुंदराव आले. वाकायची सवय नव्हती, टोपली एका हाताला कलत होती. त्यांनी पहिली भाकरी कस्तुराबाईच्या पानात घातली. तिनं ती बरोबर मधोमध मोडली आणि अर्धी काठाला सारली. वरणात एक तुकडा बुडवून तोंडात घातला. चावला. गिळला.

मग शेजारी न पाहता म्हणाली, "खा गं."

सत्यशीलेनं भाकरी मोडली. ती खाली मान घालून जेवू लागली, भरभर, एकही घास न थांबता. बिरूनं तिच्या पानात हात घालून वरण गालाला फासलं. तिनं त्याच्या तोंडात कुस्करलेला तुकडा घातला आणि स्वतःच्या तोंडात दुसरा.  बोलण्यासारखं काही चाललंच नव्हतं, एक बाई जेवत होती.

मुकुंदराव टोपली घेऊन पुन्हा आले. कस्तुराबाईच्या पानातली काठाची अर्धीही संपली होती. त्यांनी एक भाकरी पुढे केली. ती आडवा हात धरेल असं त्यांना वाटलं. तिनं धरला नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हाही नाही. भाकरी घेताना तिच्या बांगड्या मनगटावरून घसरून थेट कोपरापाशी गेल्या. मुकुंदरावांनी ते पाहिलं. त्यांच्या मागं उभ्या सईनंही पाहिलं. वही तिच्या हातात होती, पण त्या वहीत या मनगटासाठी रकानाच नव्हता.

धडधाकट, असं ते दसऱ्याला म्हणाले होते.

"शेपू आहे का?" मुकुंदरावांनी मागं वळून विचारलं.

"पालक हाय," केसरबाई म्हणाल्या. "शेपू उद्या आनते. अन् भाऊ, उद्या पानं किती मांडू? इसाच्या चाळीस, का चाळीसच्या ऐंशी? आत्ताच सांगा, दळान टाकाया लागंल."

शंतनू म्हणाला, "बाबा, वीसच ठेवू. झेपेल तेवढं. नव्या वीसजणींना पाकिटं सुरू होईपर्यंत थांबायला सांगू."

"कुणी सांगायचं?" मुकुंदरावांनी विचारलं. "मी आज एकीला सांगितलं. पुरे झालं मला."

"मग पीठ?"

"तुझ्या कंपनीला पाकिटांऐवजी ज्वारी द्यायला सांग."

"ते असं नसतं, बाबा. त्यांना पाकिटावर नाव छापायचं असतं."

"पोत्यावर छापा म्हणावं," कालिंदीताई म्हणाल्या.

शंतनूला हसू आलं. ते त्यानं आवरलं. "विचारतो," तो म्हणाला. "हो म्हणतील असं नाही. पण विचारतो."

"ऐंशी," मुकुंदरावांनी केसरबाईंना सांगितलं. "ज्वारी पुरेल तोवर ऐंशी."

"ऐंशी पानाच्या भाकरी थापाया दोनच हात हायेत मला, भाऊ."

"माझे बी दोन हायेत," कस्तुराबाई घास गिळून म्हणाली. "सोंगनी नसंल त्या दिशी येती. पर तुमच्या तव्याला कड वर आलीय, बाई. भाकर फुगत नाय नीट."

"हां, आता तवा बी शिकवा मला!" केसरबाई म्हणाल्या, पण त्यांनी सरकून परातीपाशी जागा केली.

जेवण झालं. दोघींनी आपापली ताटं घासली. सईनं पुन्हा पट्टी लावली नाही, तासाभरात काही बदलत नसतं हे तिला ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी ती पाहणार होती, आणि लालवर आली तर स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेणार होती. तसं तिनं सत्यशीलेला सरळ सांगितलं. "मी बी येईन संगं," सत्यशीला म्हणाली. "मामीला बी घेऊ." सई म्हणाली, हो, मामींनाही घेऊ.

कालिंदीताईंनी बोरं एका ताटात काढली. वाटी विसळली, आणि मग तिच्यात मऊ भात भरला, वर वरणाची धार सोडली, तुपाचा थेंब घातला. वाटी परत बिरूच्या दोन्ही हातांत दिली. ती त्याला पेलेना, म्हणून सत्यशीलेनं खालून हात लावला.

"रातच्याला होईल," कालिंदीताई म्हणाल्या. "वाटी उद्या आणा."

सत्यशीला दाराशी थबकली. वर लाल अक्षरांत पाटी होती, खाली मुकुंदराव उभे होते, मघाशी उभे होते तिथंच. तिनं पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. वाटी तिनं पदराखाली घेतली नाही.

मुकुंदरावांनी मांडणीवरची एक ताटली आणून वाटीवर झाकली.

"समोर ट्रक चालतात," ते म्हणाले. "धूळ बसेल."